भिंतीवरचा नाग

प्रस्तुत त्रैमासिकात घराच्या रंगाविषयीचा लेख पाहून काही वैद्यबंधूंना नवल वाटेल. द्रव्यगुण, रसशास्त्र, पंचकर्म, फार्मसीचे परवाने हे आपले नेहमीचे विषय. रंगाचा डबा हा रंगाऱ्याचा आणि हार्डवेअरच्या दुकानदाराचा विषय, असे मीही काही वर्षांपूर्वीपर्यंत समजत होतो. माझे मत पालटले ते एका बालरुग्णामुळे आणि त्याच्या निमित्ताने मला विचारल्या गेलेल्या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणालाही विचारला जाऊ शकतो, म्हणून हे लेखन.

जानेफळ हे मेहकर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांतून रुग्ण येतात, त्यांत माती खाणारी मुले वर्षाकाठी पाच-दहा तरी असतातच. असाच एक सव्वातीन वर्षांचा मुलगा आणला गेला. वर्ण निस्तेज, भूक मंद, पोट वरचेवर दुखणारे, मल बद्ध, स्वभाव चिडचिडा; बोलणेही वयाच्या मानाने मागे पडलेले. चरकाचार्यांनी पांडुरोगाचा पाचवा प्रकार मृद्भक्षणजन्य सांगितला आहे. निदान अवघड वाटले नाही. कृमिघ्न दिले, दीपन-पाचन दिले, त्यामागून पुनर्नवा मंडूर सुरू केले. वर्ण सुधारला, भूक लागली. औषध थांबविले की दोन महिन्यांत पुन्हा तेच. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी मुलाची आजी सोबत होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माती त आता खातच नाही तो. खिडकीपाशी उभा राहते अन् चौकट कुरतडते."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. खिडकी मुलाच्या हनुवटीच्या उंचीची. चौकटीवर ऑइल पेंटचे थरावर थर : वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली शेंदरी. कोपऱ्यातील पापुद्रे सुटलेले आणि कडेवर दातांच्या खुणा. मुलाला जिल्ह्याबाहेरील एका शहरातील बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले आणि रक्तातील शिशाची तपासणी करावी असे चिठ्ठीत सुचविले. शिसे वाढलेले निघाले. तज्ज्ञांनी मला दूरध्वनी केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "वैद्यराज, याला कोणती भस्मे दिली होती?"

प्रश्न ऐकून राग आला, हे लपवीत नाही. परंतु तो अनाठायी नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळला. त्यानंतर जी टीका झाली ती आपण सर्वांनी सोसली आहे. निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिज औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली ती त्याच पार्श्वभूमीवर. शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. फार्मसीचालक वाचकांना हा आकडा सांगण्याची गरज नाही. प्रत्येक घाणीमागे प्रयोगशाळेचे बिल भरून तो त्यांना पाठ झाला आहे.

मी उरलेले औषध आणि चौकटीवरील पापुद्रे, दोन्ही तपासावयास दिले. औषधातील शिसे मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. पापुद्र्यांतील शिसे काही हजार पीपीएम निघाले. माझे औषध निर्दोष ठरले, पण त्याचा आनंद फार टिकला नाही. आठ महिने मी त्या मुलाचा आहार विचारला, विहार विचारला, मलमूत्र विचारले. घराची भिंत विचारली नाही. मंडूर देण्यातही चूक नव्हती, कारण शरीरात लोहाची उणीव असेल तर शिसे अधिक शोषले जाते, हे आधुनिक शास्त्रही मानते. चुकले होते ते निदानपरिवर्जन, आणि ते तर आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र.

या मात्रेचा हिशोब आपल्याच मापाने करून पाहावा. एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे शेकडा एक इतके असणे ही मुळीच असाधारण गोष्ट नव्हे. असा गुंजभर पापुद्रा मुलाने गिळला तर त्याच्या पोटात १२५० मायक्रोग्रॅम शिसे गेले. हेच गुंजभर चूर्ण १० पीपीएम मर्यादेतील असेल तर त्यातून जास्तीत जास्त सव्वा मायक्रोग्रॅम जाते. अंतर हजारपटीचे आहे. शिवाय प्रौढाच्या आतड्यात गिळलेल्या शिशाचा सुमारे दशांश शोषला जातो, तर लहान मुलात तो निम्म्याच्या जवळ जातो. शोषलेले शिसे अस्थींत साठते, वर्षानुवर्षे तेथे राहते आणि गर्भारपणात मातेच्या अस्थींतून पुन्हा रक्तात उतरते. हे वाचताना दूषीविषाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हींचे समीकरण मांडण्याचा मोह मी टाळतो, परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी हा विषय घ्यावा असे सुचवावेसे वाटते.

वास्तविक, रंगातील धातू ओळखण्यास आपल्याइतका अधिकारी वर्ग दुसरा नाही. जुन्या रंगाऱ्याच्या पेटीतील निम्मे पदार्थ रसशास्त्राच्या पुस्तकातील आहेत. शेंदूर हे शिशाचेच भस्मरूप. सफेदा म्हणून जो पांढरा रंग जवसाच्या तेलात घोटून दारांना लावला जाई, तोही मूळचा शिशाचाच. पुढे जस्ताच्या पांढऱ्या रंगालाही बाजारात तेच नाव पडले. हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाचा. दुकानातील भडक पिवळा ज्याला क्रोम यलो म्हणतात, तो शिसे आणि क्रोमियम यांचा. याउलट गेरू, काव, पिवडी हे लोखंडाचे रंग. अजिंठ्याच्या भिंतींवरील तांबडा आणि पिवळा हाच, तिथला हिरवा हिरव्या मातीचा आणि काळा काजळीचा. शतकानुशतके टिकलेल्या त्या रंगसंगतीचा मुख्य आधार माती, चुना आणि काजळी हाच आहे.

येथे एक घोटाळा नमूद करणे अवश्य आहे. लोखंडी ग्रिलला पहिला हात म्हणून जो तांबूस प्रायमर लावतात, तो दोन प्रकारचा असतो. रेड ऑक्साइड म्हणजे आपला गैरिक, लोखंडाचा. रेड लेड म्हणजे शेंदूर, शिशाचा. पहिला तपकिरीकडे झुकतो, दुसरा नारिंगीकडे. आमच्याकडील एक अनुभवी रंगारी दोहोंनाही "लाल प्रायमर" एवढेच म्हणत असे आणि जो स्वस्त मिळेल तो आणीत असे. त्याला दोष काय द्यावा? त्याने रसशास्त्र वाचलेले नव्हते. वाचलेले होते मी, आणि माझ्या दवाखान्याच्या ग्रिलवर काय लावले जात आहे हे मी पाहिले नव्हते.

दुसरा घोटाळा "नैसर्गिक" या शब्दाचा. आपल्या व्यवसायात हा शब्द इतक्या सैल हाताने वापरला जातो की रंगाच्या डब्यावर तो दिसताच आपण निर्धास्त होतो. हरताळ नैसर्गिक आहे, हिंगूळ नैसर्गिक आहे, ती खाणीतूनच निघतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १२ जानेवारी २०२१ रोजी गोमयापासून केलेला रंग बाजारात आणला. त्याचे स्वागत आहे, खेड्यातील कुटुंबाला त्यातून चार पैसे मिळत असतील तर अधिकच. परंतु त्यालाही तीच परीक्षा लावावी, जी इतर डब्यांना. गोमय आहे म्हणून सूट नाही आणि परदेशी कंपनीचे नाव आहे म्हणूनही सूट नाही. आपल्या भस्माला वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव अशा कसोट्यांतून उतरावे लागते. "कोणाच्या घराण्याचे" या उत्तरावर ते स्वीकारले जात नाही.

शिशाच्या रंगाचा दोष जगाला काल-परवा कळला असेही नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच व्हरांड्यांच्या कठड्यांवरील रंग आणि मुलांची विषबाधा यांचा संबंध दाखविला होता. १९२१ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये असा करार संमत केला. अमेरिकेने घरगुती रंगांवर १९७८ मध्ये निर्बंध घातला. तेथेच १९८९ मध्ये मिशिगन राज्यातील चार वर्षांच्या मुलास नुकत्याच रंगविलेल्या घरात पाऱ्याची विषबाधा झाली. बुरशी लागू नये म्हणून पाण्यात मिसळणाऱ्या रंगात पाऱ्याचे संयुग घातलेले होते. पुढच्याच वर्षी घरातील रंगांत ते घालणे बंद झाले. आपल्या देशात प्रदीर्घ काळ केवळ ऐच्छिक मानके होती. १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम अधिसूचित झाले आणि एक वर्षाने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा अधिक शिसे असू नये हे बंधन लागू झाले. डब्यावर तसे छापणेही आवश्यक ठरले. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातील प्रत्येक तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. त्याचा सगळा भार रंगावर नाही. जुन्या बॅटऱ्यांचे गाळकाम, भांडी, मसाले हेही आहेत. आणि, प्रामाणिकपणे लिहावयाचे तर, काही अशुद्ध औषधेही आहेत.

मग घरासाठी चांगला रंग कोणता? दुकानदार छटांचे पुस्तक पुढे करतो, रंगारी कमिशनच्या टोकनचा डबा सुचवितो, गृहिणी धुता येईल का विचारते, आणि आपण किंमत पाहतो. या चौघांपैकी कोणीही डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचत नाही. पहिली गोष्ट ती वाचण्याची. शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक नाही असा उल्लेख, उत्पादकाचे पूर्ण नाव, घाणीचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख. हे ज्यावर नाही तो डबा फुकट मिळाला तरी घरात आणू नये. नियम लागू झाल्यानंतरही लहान उत्पादकांच्या काही रंगांत मर्यादेहून अधिक शिसे सापडल्याचे दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने दाखविले आहे. म्हणून सुट्या, बिननावाच्या, अर्ध्या किमतीच्या डब्याविषयी मला तरी दयामाया नाही.

भिंतींसाठी पाण्यात मिसळणारे इमल्शन घ्यावे. शिशाचा प्रश्न मुख्यतः तेलात मिसळणाऱ्या इनॅमलचा, त्यातही पिवळ्या, नारिंगी, लाल व हिरव्या छटांचा. इनॅमल दारे-खिडक्यांपुरते ठेवावे आणि लहान मूल असलेल्या घरी त्यांवरही पाण्याचे इनॅमल मिळाल्यास ते लावावे. स्वस्त इमल्शनमध्ये खडू आणि चिनी माती अधिक, भिंत झाकणारे टायटॅनियम डायऑक्साइड कमी. त्यामुळे दोन हातांचे काम चार हातांत होते आणि वर्षभरात भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा होतो. रंग वाळल्यावर वास महिनाभर राहत असेल तर बाष्पशील द्रव्ये अधिक आहेत असे समजावे. परंतु वास नाही म्हणजे शिसे नाही, असा उलटा अर्थ काढू नये. शिशाला गंध नसतो. चुना मात्र आजही कमी लेखण्याचे कारण नाही. चांगला भिजविलेला, गाळलेला चुना क्षारधर्मी असल्याने बुरशीला थारा देत नाही, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि खिशालाही परवडतो. आमच्या भागातील जुन्या घरांना पांढऱ्या मातीचा हात देत, त्या घरांतील मुलांनी भिंत चाटली तर मृद्भक्षणाचेच दोष होत. हे समर्थन नव्हे, तुलना आहे.

भिंतीला लोणा लागला असेल तर कितीही महागडा रंग लावला तरी तो पापुद्र्याने सुटणारच. आमच्याकडील काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांना भेगाही लवकर पडतात. आधी पाण्याचा मार्ग बंद करावा, गिलावा वाळू द्यावा, मग डबा उघडावा. रोगाचे मूळ सोडून लक्षणावर लेप लावण्याची उपमा येथे मी देणार नाही. ती प्रत्येक वैद्याच्या मनात आलेलीच असेल.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वाधिक आग्रहाने बोलावयाचे आहे, त्याकडे येतो. नवा चांगला रंग आणण्याइतकेच जुना रंग कसा काढला जातो हे महत्त्वाचे आहे, किंबहुना अधिक. रंगाऱ्याचे पहिले काम घासण्याचे. कोरडा पॉलिश पेपर, पत्र्याची खरवडणी, क्वचित ब्लो लॅम्प. वर सांगितलेल्या रुग्णाच्या दोन वर्षे आधी माझ्या दवाखान्याचे रंगकाम असेच झाले. दारे-खिडक्या कोरड्या घासल्या जात होत्या आणि मी बाजूच्या खोलीत रुग्ण तपासत होतो. खल उघडा होता, चूर्णांच्या बरण्यांची झाकणे दिवसातून पन्नास वेळा उघडत होती, कंपाउंडरची मुलगी शाळा सुटल्यावर तेथेच खेळत होती. संध्याकाळी टेबलावर बोट फिरविले तर बोटांच्या रेषांत धूळ भरली. रेखापूर्ण! फक्त तिचे ना शोधन झालेले, ना मारण. त्या दिवसांत त्या बरण्यांतून किती पुड्या बांधल्या गेल्या, याचा हिशोब मी आजही करू शकत नाही.

म्हणून, जुना ऑइल पेंट सुटलेला नसेल तर तो खरवडू नये. ओल्या कपड्याने पुसून, पाणी लावून हलका घासावा आणि त्यावर नवा हात द्यावा. सुटलेला असेल तर पाणी मारत, पाण्याचा पॉलिश पेपर वापरून काढावा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि तो पापुद्र्यांसकट गुंडाळून बाजूला करावा. पापुद्रे चुलीत अथवा शेकोटीत जाऊ देऊ नयेत. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. ब्लो लॅम्प तर नकोच, शिशाचा धूर होतो. ते काम चालू असताना गर्भिणी आणि मुले घरात नसावीत. माहेरी, आजोळी, कोठेही पाठवावीत. आणि रंगाऱ्याविषयीही दोन शब्द. तो हे काम वर्षाचे बारा महिने करतो, त्याच धुळीच्या हाताने भाकरी खातो आणि तेच कपडे घालून मुलाला उचलून घेतो. त्याचे पोट दुखले, बद्धकोष्ठ झाले, मनगट ढिले पडले तर आपल्या मनात काय यावे, हे सांगावयास नको.

आणखी एक ग्रामीण वाट आहे. घरगुती रंगांचा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, नांगराला, लोखंडी गेटला लावून उरलेला अर्धा डबा टाकून कोण देतो? तो पाळण्याला लागतो, पांगुळगाड्याला लागतो, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लागतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाची खेळणी रंगीत, नाद करणारी, हलकी, टोकदार नसलेली असावीत असे सांगताना ती तोंडात जाणार नाहीत अशीही असावीत, असे म्हटले आहे. कुमारागार कसे असावे, आतुरालय कसे असावे, हे आचार्यांनी किती बारकाईने लिहिले आहे! धूर, ऊन, पाणी, धूळ आणि अप्रिय स्पर्श-गंध यांचा जेथे प्रवेश होणार नाही, असे घर. आपण ते सूत्र परीक्षेपुरते पाठ केले.

फार्मसीचालकांसाठी वेगळे लिहिण्याचे एकच कारण. शेड्यूल टी प्रमाणे निर्मितिगृहाच्या भिंती गुळगुळीत, बिनभेगांच्या आणि स्वच्छ करता येण्याजोग्या हव्यात. त्यासाठी अनेक जण स्वस्तातील चकचकीत इनॅमल मारतात आणि तपासणी पार पडते. तीन पावसाळ्यांनंतर तोच रंग चूर्णाच्या ताटांवर पडू लागतो. वाळवणाच्या खोलीतील लाकडी मांडण्या, कपाटांची आतली बाजू, कुटाई यंत्राची बाहेरची अंगे, हेही एकदा पाहावे. चूर्णाची एखादी घाणी शिशासाठी नापास झाली की आपण कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याला जाब विचारतो. भिंतीला विचारीत नाही.

एका बाबतीत मतभेद होईल हे जाणून लिहितो. रक्तातील शिसे बरेच वाढलेले मूल आपल्याकडे आले तर काढ्यांचे प्रयोग करीत बसू नये. त्याला सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे तेथे आहेत आणि ती देखरेखीखालीच द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची निर्धोक अशी कोणतीच पातळी नाही. आपले काम त्याआधीचे आहे : संशय घेण्याचे आणि कारण दूर करण्याचे. ते आपण केले तर "कोणती भस्मे दिली होती" या प्रश्नाला उत्तर देताना आवाज चढवावा लागणार नाही.

त्या मुलाच्या घरची चौकट पाणी मारून साफ करवली आणि तोवर मुलाला आजोळी ठेवले. पुढील दोन अहवालांत आकडा उतरत आला आहे. बोलणेही थोडे सुधारले आहे, किती सुधारेल हे सांगता येत नाही. माझ्या केसपेपरवर मी एक नवी ओळ छापून घेतली : "घर केव्हा रंगविले? घासून की तसेच? मूल काय चाटते?" तिची जागा आहार आणि व्यसन यांच्या मध्ये आहे. संघटनेच्या जिल्हा बैठकीत केसपेपरचा नमुना सर्वांसाठी छापण्याचा विषय दरवेळी निघतो. या वेळी तो निघाला तर ही ओळ विचारार्थ घ्यावी, ही विनंती.

— एक वैद्य, जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलडाणा